स्टिअरिंग उजवीकडे

जाहिरातीत मी लिहिलं:
प्रियस, दोन हजार आठची, चंदेरी,
स्टिअरिंग उजवीकडे, हीटर उत्तम,
मागच्या दाराला पोचा.
(पोचा याकने मारला, ते नाही लिहिलं.)
विकण्याचं कारण: घर घेतोय.
फोटो सहा. सहाव्यात चुकून
तेमुलेनचा एक लाल बूट आला.

पहिला फोन अकराव्या मिनिटाला.
'शेवटचं किती?'
दुसरा, 'शेवटचं किती?'
ना नमस्कार ना चमत्कार.
एकाने मध्यरात्री विचारलं,
बदल्यात चाळीस मेंढ्या चालतील का.
सातव्या मजल्यावर कुठे बांधू, म्हटलं.
तो हसला नाही. म्हणाला, लिफ्ट असेल ना.

गन्सुख तिकडे गोबीत, खाणीवर,
म्हणून घासाघीस माझ्याच गळ्यात.

एक सांगायचं राहिलं.
किल्ली फिरवली की या गाडीत
एक बाई बोलते. जपानीत.
जहाजातून आली तेव्हापासून बोलते,
रोज, एकच वाक्य, मऊ आवाजात,
जशी परिचारिका सुई टोचण्याआधी बोलते.
आठ वर्षं आम्हाला वाटत आलं
ती म्हणते, सांभाळून जा.
सासरे उलट म्हणायचे, हो गं बाई, जातो.
तेमुलेन बोलायला लागला तो
आधी तिचं वाक्य, मग आमचं.
नदीवरच्या बर्फावरून गाडी घसरली
त्या रात्री, दिवे विझलेले, मी पुन्हा किल्ली फिरवली,
आणि ती बोलली,
तशीच, काही झालं नसल्यासारखी.
त्या रात्री मी तिला आई म्हणाले असेन.
नक्की आठवत नाही.

शनिवारी ल्हाग्वादोर्ज आला.
उणे अठ्ठावीस. दाढीवर दहिवर गोठलेलं.
टायरांना लाथा घातल्या,
बॉनेटखाली नाक खुपसलं,
पोच्यावरून बोट फिरवून म्हणाला, 'याक?'
मग आत बसला. किल्ली फिरवली.
बाई बोलली.
आणि तो हसतच सुटला,
नागोयात दोन वर्षं डबे सीलबंद करण्याचं काम केलेला माणूस,
डोळ्यांतून पाणी येईतो.

'काय म्हणते ठाऊक आहे तुम्हाला?
टोलचं कार्ड घातलेलं नाही.'

एवढंच?
'एवढंच.'

इंजिन चालू होतं. कुणी बोललं नाही.
सासरे हळूच म्हणाले,
मग आठ वर्षं बिचारी कार्ड मागत होती,
आणि आम्ही तिला नुसतं हो हो म्हणत होतो.

एक कोटी पाच लाख तुग्रिकला सौदा तुटला.
पैसे फोनवरून फोनवर गेले, आवाजसुद्धा झाला नाही.

घोडा विकताना सासरे लगाम ठेवून घेत,
घरची बरकत त्याच्या मागे जाऊ नये म्हणून.
गाडीला लगाम कुठला?
ते वाकले, पायाखालची मॅट उचलली,
उलटी करून झटकली रुमालात:
वाळू, लोकर, पाइन नटची टरफलं, एक बटण.
गाठ मारली. छातीशी धरली.
ल्हाग्वादोर्जने मान फिरवली,
पैसे मोजायचे नव्हते तरी काहीतरी मोजत राहिला.

गाडी वळणापर्यंत दिसली.
नंतर धुराड्यांचा धूर, त्यात काहीही दिसत नाही.

सोमवारी तेमुलेनला शाळेत सोडायला
बसथांब्यावर उभी. हातमोज्यात फोन वाजतोय:
'प्रियस आहे अजून? शेवटचं किती?'
गेली, म्हणते. कुणाला तरी हे सांगायला बरं वाटतं.
संध्याकाळी जाहिरात काढायला हवी.
काल बसले होते काढायला.
सहाव्या फोटोशी थांबले.

बस आली. आत ढकलून घेतलं आम्ही.
यंत्रासमोर मी खिसे चाचपते,
हा, तो, आतला, मागे रांग खोळंबलेली,
आणि तेमुलेन, लाल बूट आता लहान झालेले तरी तेच घातलेला,
मान वर करून, मऊ आवाजात,
अख्ख्या बसला ऐकू जाईल असं म्हणतो:

कादो गा सोन्यू सारेते इमासेन.